केस चंदगडची, दवाखाना बेळगावचा. मग कळवायचं कुणी?

चंदगड-दोडामार्गचे पेशंट बेळगावला येतात, निपाणीचे गडहिंग्लज-कोल्हापूरला जातात, अथणी-कागवाडचे मिरजेला. पण लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला, की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच वाक्य कानावर पडतं, "हे तिकडचं प्रकरण आहे, तिकडच्या पोलिसांकडे जावा." हे साफ चूक आहे आणि न कळवणं हा गुन्हाही आहे.

पोक्सो कायदा (2012), म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, कलम 19. गुन्हा झाल्याची माहिती असेल किंवा होईल अशी भीती वाटत असेल, तर पोलिसांना कळवायचं. डॉक्टर, नर्स, लॅबवाला, आशाताई, कुणालाच सूट नाही. नाही कळवलं तर कलम 21 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत. उलट, चांगल्या हेतूनं कळवलेलं पुढे खोटं ठरलं तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

डॉक्टरनं कळवायचं ते आपल्या हद्दीतल्या ठाण्याला. गुन्हा कुठल्या गावात घडला हे शोधणं त्याचं काम नाही, आरोप खरा की खोटा हेही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही झीरो एफआयआर म्हणून नोंदवावाच लागतो. तो पुढे चंदगडला पाठवायची जबाबदारी पोलिसांची.

आता कामाचा क्रम. आधी उपचार. त्यासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही, तपासणीसाठी एफआयआरची वाट बघायची नाही. मुलगी असेल तर तपासणी लेडी डॉक्टरनंच करायची, आणि 12 वर्षांपुढच्या मुलीची स्वतःची संमती घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी शक्यतो 72 तासांच्या आत द्यावी. एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधांना (पीईपी) मात्र 72 तास हीच मर्यादा. पुराव्याचे नमुने 96 तासांपर्यंत घेता येतात. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी धरते आणि पुरावा गेला. गर्भपात झाला असेल तर गर्भाचा नमुना सलाईननं नुसता विसळून, त्यात बुडवून न ठेवता, झाकणाच्या डब्यात, बर्फाच्या पेटीत. इथे सवयीनं हात फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे जातो आणि डीएनए खराब होतो. अंगावर जखम नाही म्हणून "अत्याचार झालेला नाही" असा शेरा मारू नये. जखम नसणं हा अत्याचार न झाल्याचा पुरावा नव्हे.

फोन 112 ला (पोलीस) किंवा 1098 ला (चाइल्डलाइन) करा, पण त्यावर थांबू नका. ठाण्याला द्यायचं पत्र दोन प्रतींत, एकीवर ठाण्याचा शिक्का, सही आणि वेळ. चौकीतल्या हवालदाराला तोंडी सांगून मोकळं होणाऱ्यांची कोर्टात पंचाईत होते, कारण हातात पोच नसते.

आपल्याकडे भाषेचा गुंता वेगळाच. पोर मराठीत सांगतं, केसपेपरवर ते इंग्रजीत उतरतं, ठाण्यात कन्नडमध्ये. तिसऱ्या कागदावर "काका" कोण, सख्खा की शेजारचा, हेच हरवलेलं असतं. म्हणून मुलाचं बोलणं अवतरणचिन्हांत, मराठीतच, जसंच्या तसं लिहा. ठाण्यात दुभाषा देण्याची तरतूद कलम 19 मध्येच आहे, ती मागून घ्या.

घरचे म्हणतात, "डॉक्टर, तिचं लग्न व्हायचंय, कागद करू नका." त्यांना तक्रार द्यायची नसेल तर तो नकार पत्रात नोंदवा. पत्र थांबवायचं नाही.

सगळ्यांत अवघड केस म्हणजे 17 वर्षांची गरोदर सून. बालविवाह कर्नाटकात 2016 च्या दुरुस्तीनुसार मुळातच रद्दबातल, महाराष्ट्रात कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो. पण पोक्सो दोन्हीकडे सारखाच, नवरा म्हणून सूट नाही. मग तायी कार्डावर (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदणीचं कार्ड) वय 19 लिहून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. कायदा इथे बोथट आहे, हे मीही म्हणतो. स्वखुशीनं पळून गेलेल्या पोरीला आणि मामानं छळलेल्या पोरीला तो एकाच मापानं मोजतो. तरी खोटं वय हा त्यावरचा उपाय नाही. कोवळ्या वयातलं बाळंतपण जोखमीचं, आणि 19 लिहिलं की ती जोखीम कागदावरून पुसली जाते. पुढे शाळेचा दाखला निघाला की खोट्या नोंदीची जबाबदारी डॉक्टरवर येते ती वेगळीच.

गर्भपाताच्या केसमध्ये मात्र एक वाट आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्यानं पोरी मेडिकलमधून गोळ्या घेतात आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर दवाखान्यात येतात. बाळंतपणाच्या केसमध्ये ही सवलत धरून चालू नका. तिथे मुलीला आधी बसवून सांगा, की पत्र जाणार आहे, का जाणार आहे, आणि पुढच्या तारखेला तपासणीला यायचंच आहे. न सांगता कळवलं तर ती परत येत नाही. पलीकडच्या राज्यातल्या एखाद्या दवाखान्यात वय वाढवून नाव घालते.