सोयाबीनची रास आणि कट्ट्यामागचा दर

शेतकऱ्यांसाठी सेवा व्यवसाय काढायचाय म्हणून बरीच पोरं विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं मशीन घेऊ, अनुदान कशावर आहे? मी म्हणतो, ज्याच्या रानात जाणार आहेस त्याचं नुकसान नेमकं कुठं होतं ते आधी बघ.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचं सोयाबीन घ्या. काढणी झाली, बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लागली आणि आभाळ भरून आलं की सगळ्या गावाला एकाच दिवशी मळणी यंत्र पाहिजे असतं. यंत्रवाल्याचा दर कट्ट्यावर, जितकी पोती भरली तितके पैसे. म्हणजे इंजिनाची रेस वाढवायची, रास (मळणी) उरकायची आणि पुढचं शिवार गाठायचं. ड्रम जोरात फिरला की दाण्याची डाळ होते, ती तरी डोळ्यांना दिसते. पण जो दाणा अख्खा दिसतो त्यालाही मार बसलेला असतो. सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. पुढच्या जूनला तेच घरचं बियाणं उगवत नाही, दुबार पेरणी होते आणि दोष पावसावर जातो.

म्हणून आमच्या मळणी यंत्रावर आम्ही बियाण्याची रास वेगळी धरतो. सुरुवातीलाच पसाभर दाणे तळहातावर घेऊन मालकासमोर बघायचे. फुटके दिसले की रेस कमी, ड्रम मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास. वेळ जास्त जातो, म्हणून या राशीचा दर तासावर, आणि ड्रायव्हरची मजुरीही कट्ट्यावर नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. मजुरी कट्ट्यावर ठेवली तर तुम्ही कितीही समजावून सांगा, तो रेस वाढवणारच.

शेतकरी जास्त पैसे देतो का? देतो. ३० किलोच्या बियाण्याच्या बॅगेला काय मोजावं लागतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

ओलावा मोजायचं यंत्र ट्रॅक्टरवरच ठेवलंय. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा असते (२०२४ च्या हंगामात ती १५ केली होती). माल केंद्रावर नेऊन परत आणण्यापेक्षा घरच्या ताडपत्रीवर दोन उन्हं दिलेली बरी, पण ते त्याला रानातच कळायला हवं.

लहान शेतकऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, ही माझी खरी तळमळ आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीन खातेदारामागे १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर निघाली. दोन-तीन एकरवाला हेच आपलं गिऱ्हाईक, तो अपवाद नाही. त्याच्यासाठी एकट्याची फेरी परवडत नाही हे खरं, पण बांधाला बांध लागून असलेल्या पाच-सहा जणांची नावं आदल्या दिवशी एकत्र घेतली तर एका फेरीत सगळ्यांचं होतं आणि दरही मोठ्या शेतकऱ्याइतकाच राहतो. ही नावं घ्यायला फिरणारा माणूस नसतो म्हणून अवजारे बँकांची (भाड्यानं अवजारं देणाऱ्या केंद्रांची) कितीतरी यंत्रं शेडमध्ये गंजताना मी पाहिलीत. ड्रोनचंही तेच होईल, फवारणीच्या नेमक्या दिवशी फोन उचलणारं कुणी नसेल तर.

फोन म्हणजे सेवेचा अर्धा भाग. यंत्र बंद पडणारच. पण तेव्हा फोन बंद करून बसायचं नाही. लगेच कळवायचं, आपलं कमिशन सोडून दुसऱ्याचं यंत्र त्याच्या बनमीवर पाठवायचं. बनीम भिजली तर त्याचं वर्ष जातं, आपला एक दिवस जातो.