तुम्ही यांचे कोण?

आमच्या गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची चार पालं पडली होती. सकाळी पोलिसांची गाडी आली आणि दोघांना उचललं. तव्यावरची भाकरी करपत होती, म्हातारी ती तशीच टाकून गाडीमागं धावत होती. मी हवालदारांना विचारलं, "कशासाठी नेताय?" ते म्हणाले, "तुम्ही यांचे कोण?" माझी बोलती बंद झाली. म्हातारी वळून म्हणाली, "दादा, तुमी बगितलंय न्हवं?" तिलाही मी काही बोललो नाही. नऊ वर्षं झाली.

मध्य प्रदेशातल्या गुनाची केस वाचल्यापासून ती म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही. जुलै २०२४. २५ वर्षांचा पारधी मुलगा, त्याच्या लग्नाचाच दिवस. चोरीच्या तपासासाठी पोलिसांनी त्याला आणि त्याच्या काकांना नेलं. मुलगा कोठडीतून जिवंत परत आला नाही. पोलीस म्हणाले, हृदयविकार. काका म्हणाले, माझ्यासमोर मारलं. मग काय झालं? काकांचंच नाव एकामागून एक गुन्ह्यांत आलं आणि ते तुरुंगातच राहिले. एकमेव साक्षीदार! मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तपास सीबीआयकडं दिला, तरी जबाबदार पोलिसांना अटक व्हायला कोर्टाला पुन्हा पुन्हा खडसवावं लागलं.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पारध्याच्या साक्षीला अजून वजन आलेलं नाही. गावात चोरी झाली की आधी पालांची झडती होते, आणि तिथं काय घडलं हे पालातल्या माणसानं सांगितलं तर "ते सांगणारच" म्हणून आपणच उडवून लावतो.

कोठडीतल्या मृत्यूंबद्दलच्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच सांगितलंय की अटकेच्या मेमोवर, म्हणजे अटकेच्या लेखी नोंदीवर, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी. घरची माणसं भेदरलेली असतात, अनेकांना लिहिता-वाचता येत नाही. मग परिसरातली प्रतिष्ठित व्यक्ती कोण? माळाशेजारी शेत असलेला मी. गावचे मास्तर, सरपंच, किराणा दुकानदार. कोर्टानं आपल्यालाच तिथं उभं केलंय, आणि आपण खिडकी लावून घेतो.

हवालदारांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं असतं: मी या परिसरातला माणूस आहे, मेमो दाखवा, सही मी करतो. गाडीचा नंबर, वेळ, कुणाला नेलं, सगळं लिहून ठेवायला दोन मिनिटंही लागली नसती. यंदा माळावर पुन्हा पालं पडलीत. काल जाऊन माझा फोन नंबर देऊन आलो.