थेरपीच बालवाडीत का येत नाही?

मुंबईत ऑटिझम असलेल्या लहान मुलांसाठी काहीच सोय नाही, असं कुणी म्हटलं की मी भांडते. सोय आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या सरकारी संस्थेत 2021 पासून लहान दिव्यांग मुलांसाठी वेगळं केंद्र आहे, पालिकेची नायर, सायन ही रुग्णालयं आहेत आणि खासगी सेंटरं तर विचारूच नका.

पण ओटी, म्हणजे रोजच्या हालचाली-कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, मुलुंडला, स्पीच थेरपी दादरला, प्लेग्रुप घराजवळ. या तिघांचं आपसात बोलणं शून्य. स्पीचवाली म्हणते, चित्र दाखवून मागायची सवय लावा. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात, "एवढ्या मुलांत चित्रं कुठे दाखवत बसू हो?" ओटीचे सर म्हणतात, वर्गातला व्हिडिओ आणा. वर्गात मोबाइल चालत नाही. मधल्यामध्ये निरोप्या कोण, तर आई, लोकलमध्ये पोर कडेवर घेऊन.

सेंटरबाहेरच्या बाकावर पालक काय बोलतात ते ऐका. फीबद्दल कुरकुर असतेच. पण खरं कौतुक होतं ते "ती मला आत बसवते" म्हणून. बाकी ठिकाणी दार बंद, पाऊण तासाने उघडतं आणि "आज छान बसला" एवढंच कळतं. छान बसला म्हणजे काय? पाणी मागितलं का त्याने?

बाबालोकांचा प्रश्न एकच: "शाळेत घेतील ना?" थेरपिस्ट मंडळींना हा प्रश्न आवडत नाही. मला तोच बरोबर वाटतो. घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबणं बंद खोलीत एका मोठ्या माणसासोबत कसं शिकणार?

आता कायदा बघा. शिक्षण हक्क सहाव्या वर्षापासून. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आला, पण मोफत शिक्षण तिथेही सहा ते अठरा. लवकर सुरुवात करा म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात ती वर्षं नेमकी त्याआधीची. तोवर प्लेग्रुपच्या मालकांची मर्जी. आमच्या ओळखीत एकांनी अ‍ॅडमिशनची फी घेतली आणि मग सांगितलं, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, तुमची, पगारही तुमचाच.

तीन ते सहाच्या मुलांसाठी वस्तीवस्तीत असलेली जागा म्हणजे अंगणवाडी. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी प्रोटोकॉलही आणला. कागद चांगला आहे. पण वजनं, आहार, रजिस्टर, वर मोबाइलमधली माहिती, यातून सेविकाताईंनी तो एकट्याने कसा राबवायचा? माझं म्हणणं साधं आहे. काही अंगणवाड्या मिळून एक थेरपिस्ट द्या. तिने आठवड्यातून एकदा तिथल्याच सतरंजीवर बसावं आणि ताईंना, आयांना दाखवावं. "आमचा मुलगा अंगणवाडीत?" म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. तेच लोक दुपारी माझ्या शेजारी बाकावर ताटकळत असतात.

गोंगाट सगळ्यांना झेपत नाही, हे मान्य. माझाच मुलगा कान झाकून बसतो. अशांना छोटे वेगळे वर्ग लागतीलच, ते बंद करा असं मी म्हणत नाही.

आम्ही काही पालक, अंगणवाड्या ज्यांच्याकडे येतात त्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज देतोय. भांडुप-मुलुंडकडचे कुणी असाल तर इनबॉक्स करा, सह्या हव्यात. बाबांच्याही.