खुलासा : पावसात हॅझार्ड लाइट लावून गाडी चालवण्याबाबत

मुसळधार पावसात किंवा धुक्यात चारही इंडिकेटर (हॅझार्ड लाइट) सतत चालू ठेवून गाडी चालवली की मागून धडक बसत नाही, असा संदेश सध्या काळजीपोटी पुढे पाठवला जात आहे. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही. हॅझार्ड लाइट चालू असताना बहुतेक गाड्यांत वळण्याचा इशारा देताच येत नाही. शिवाय पुढची गाडी चालते आहे की थांबली आहे, हे मागच्या चालकाला पटकन उमगत नाही. अशा वेळी हेडलाइट लो बीमवर ठेवावेत, म्हणजे मागचे लाल दिवेही लागतात. केवळ डीआरएलवर (गाडी सुरू होताच आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिवसाच्या दिव्यांवर) विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे दिवे लागत नाहीत.

मात्र वेगवान रस्त्यावर पुढची वाहतूक अचानक ठप्प झालेली दिसली, तर हेच हॅझार्ड लाइट खरोखर उपयोगी पडतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते; म्हणून ब्रेक लवकर आणि हळूहळू दाबत हॅझार्ड लावावेत, पुढच्या गाडीपासून बाजूला निसटण्याइतकी जागा राखावी आणि मागची एक-दोन वाहने पूर्ण थांबेपर्यंत गाडी पहिल्या गिअरमध्ये व नजर आरशावर ठेवावी. त्यानंतर हॅझार्ड बंद करावेत.