बदामी वाटेत उरकू नका

सुट्ट्या जवळ आल्या की मला हमखास एक फोन येतो. "हंपीला चाललोय, वाटेत बदामी उरकता येईल का रे?"

येईल. पण हात जोडून सांगतो, उरकू नका.

मी पहिल्यांदा असाच गेलो होतो. एका टूरबरोबर, सात दिवसांत अकरा ठिकाणं. बस उत्तर कर्नाटकातल्या बदामीला साडेतीनला पोचली आणि लेण्यांसाठी पाऊण तास मिळाला. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, शेषावर बसलेल्या विष्णूसमोर जेमतेम उभा राहतोय तोच खालून शिट्टी. पट्टदकलला पोचलो तेव्हा फाटक लागलेलं. ऐहोळे रद्द. "देवळं काय, सगळी सारखीच असतात," असं टूरवाल्याने बसमध्ये माइकवर सांगितलं आणि लोकांनी मानाही डोलावल्या. ते वाक्य मला फार लागलं. आजही लागतं, म्हणून ही एवढी मोठी पोस्ट.

दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेलो. बनशंकरी आमची कुलदेवता, आईला ओटी भरायची होती. या वेळी ठिकाणांची यादी केलीच नाही. बदामीत तीन रात्री मुक्काम, बाकी काही नाही. नकाशा उघडून बघा: बनशंकरी पाच किलोमीटर, पट्टदकल बावीसच्या आसपास, तिथून ऐहोळे आणखी चौदा. महाकूट तर पट्टदकलच्या वाटेवरच थोडं आत. म्हणजे रोज बॅगा भरायच्या नाहीत की पहाटे हॉटेल सोडायचं नाही. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर बदामी स्टेशन आहे, गाव तिथून पाचेक किलोमीटर. वयस्कर माणसं बरोबर असतील तर याहून सोयीची सहल मला तरी ठाऊक नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सहल आखताना आधी एक धागा धरावा आणि मग ठिकाणं त्यात ओवावीत. आपण उलट करतो. मोबाइलवर दिसलेली दहा ठिकाणं नकाशावर टोचतो आणि ती रस्त्याने जोडतो. मग लक्षात काय राहतं, तर रस्ता.

बदामीचा धागा असा. ही चालुक्यांची राजधानी वातापी. जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवत आजी अगस्तींचं नाव घ्यायची, त्या गोष्टीत अगस्तींनी पचवलेला वातापी राक्षस, त्याच्याच नावाचं हे गाव, आणि लेण्यांखालच्या तलावाचं नावही अगस्त्य तीर्थ. पहिल्या पुलकेशीने इ.स. 543 मध्ये इथे किल्ला बांधला. तिसरं लेणं शके 500 च्या कार्तिकी पौर्णिमेचं, म्हणजे इ.स. 578 चं. हे आपण अंदाजाने सांगत नाही, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाने तिथेच कोरून ठेवलंय. लेण्यांत डोंगर आत कोरत नेलाय. तलावाच्या पलीकडे गेलात की दगड रचून उभी केलेली देवळं. ऐहोळ्याला तर एकेक देऊळ म्हणजे नवा प्रयोग: लाडखान सभामंडपासारखं पसरलेलं, दुर्ग मंदिराची मागची बाजू बौद्ध चैत्यासारखी अर्धगोल. (या देवळाचा दुर्गादेवीशी संबंध नाही. दुर्ग म्हणजे गड. गाइडसुद्धा कधी कधी चुकीचं सांगतात.) आणि पट्टदकलला येईपर्यंत हात असा बसलेला की उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड, दोन्ही पद्धतींची शिखरं एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. या क्रमाने बघितलं की "सगळी सारखीच" हे वाक्य तोंडातून निघूच शकत नाही.

पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरात आम्ही अख्खी सकाळ काढली. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची राजधानी कांची जिंकली, त्या विजयाची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात हे बांधून घेतलं. गुंड नावाच्या स्थपतीचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. राजाराणीबरोबर कारागिराचंही नाव राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. विक्रमादित्याने कांचीचं देऊळ लुटलं नाही, तिथलं सोनं देवाला परत केलं, आणि तसं त्याने कांचीच्या कैलासनाथ मंदिरात कन्नडमध्ये कोरवून घेतलं. ते देऊळ डोळ्यांत साठवून आलेल्यांनी विरूपाक्ष बांधलं असं अभ्यासक मानतात. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हटवलं आणि वेरूळचं कैलास लेणं कोरलं, त्यात विरूपाक्षाचा आराखडा स्पष्ट दिसतो. नंदीमंडप, सभामंडप, गाभारा, शिखर, सगळं ओळखीचं. वेरूळ आपण शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं. त्याचं आजोळ मलप्रभेच्या काठी आहे हे मात्र कोणी सांगत नाही.

आणि मेगुती. ऐहोळ्याची ही टेकडी टूरवाले हटकून गाळतात, कारण पायऱ्या आहेत. आई हळूहळू चढली, दोनदा बसली. वर जैन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर दरबारी कवी रविकीर्तीचा इ.स. 634 चा लेख आहे. लिपी जुनी, भाषा संस्कृत. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या सम्राट हर्षाचा पराभव केल्याचं त्यात आहे, आणि तो नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा अधिपती झाला हेही आहे. तेराशे नव्वद वर्षांपूर्वी, कर्नाटकातल्या एका भिंतीवर, आपलं नाव! अक्षरं बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाहीत, ओळी मात्र सुतात धरल्यासारख्या सरळ. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. श्लोक घरून वहीत उतरवून नेला होता, तो भिंतीसमोर उभं राहून मोठ्याने म्हटला. आईने पदर डोक्यावरून घेतला.

म्हणून म्हणतो, जाण्याआधी थोडं वाचा. चार पानं पुरतात.

बनशंकरीच्या देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी, मडक्यातलं दही. सोलापूरकरांना यातलं काहीच परकं नाही. आम्ही दोन्ही दिवस तिथेच जेवलो. हॉटेलच्या पंजाबी भाजीत पैसे घालवू नका, या बायकांकडे जेवा. पौष पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. शाकंभरीची पूजा घरात असेल तर तेव्हा जरूर जा, पण मग लेणी निवांत बघायला मिळतील ही अपेक्षा नको.

शेवटच्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "गुळेदगुडू इथूनच जवळ ना रे?" खणाचं ते गाव. मला नावाव्यतिरिक्त काही माहीत नव्हतं, तिला लहानपणापासून माहीत होतं. इरकलही याच बागलकोट जिल्ह्यातलं. दुकानात तिने खण हातावर पसरला, काठ उलटा करून बघितला, नखाने वीण चाचपली आणि म्हणाली, "माझ्या आईच्या चोळ्या याच्याच होत्या." तिथल्या माणसाने मग इरकल साडी उलगडून अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे फासात फास घालून कसे जोडतात ते दाखवलं. यातलं काही मी आखलेलं नव्हतं. दुपार मोकळी होती म्हणून घडलं. रोज एक वेळ मोकळी ठेवा असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

बाकी पटपट सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, एप्रिल-मेमध्ये तो वालुकाश्म नुसता तापतो. पावसात तलावाजवळच्या कड्यावरून अक्का-तंगी धबधबा कोसळतो, तोही बघण्यासारखा. लेण्यांजवळ माकडं फार आहेत, हातात खाऊ ठेवू नका. पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. संध्याकाळी तलावाकाठच्या भूतनाथ मंदिराजवळ जाऊन बसा. समोरून कलतं ऊन येतं आणि तांबडा दगड हळूहळू केशरी होत जातो. तिथून उठायची घाई करू नका.

आता वेरूळला जातोय. दोन दिवस, आणि बघायचं फक्त 16 नंबरचं लेणं, म्हणजे कैलास. विरूपाक्षाचे फोटो छापून बरोबर घेतलेत. मंगळवारी वेरूळ बंद असतं, म्हणून बुधवारी निघतोय. आई येणार आहे.