30-3: आकडा खरा, त्याभोवतीच्या गप्पा खोट्या

अमेरिकन बेसबॉलच्या एका मॅचबद्दल एक मजकूर वरचेवर फॉरवर्ड होतो. 22 ऑगस्ट 2007, बाल्टिमोर. टेक्सास रेंजर्स 30, बाल्टिमोर ओरिओल्स 3. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. (बेसबॉलमध्ये बॉल टाकणारा तो पिचर, आणि प्रत्येक टीमला बॅटिंगच्या नऊ छोट्या इनिंग मिळतात.) पुढे मात्र लेखणी सुटते: 'बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा स्कोअर', 'पहिल्या इनिंगपासून कत्तल', 'दादा बॅटर्सनी पिचर्सची पिसं काढली', आणि '27 रनांनी जिंकलेल्या मॅचमध्येही एका पिचरला मॅच वाचवल्याचं श्रेय, म्हणजे स्कोअररचं डोकं फिरलं होतं'.

सर्वांत मोठा स्कोअर? नाही. 1897 साली शिकागोने लुइव्हिलला 36-7 असं हरवलं होतं. 1900 नंतरचा एका टीमचा उच्चांक म्हणा, मग 30 चालेल. दोन्ही टीमच्या रनांची बेरीज धरली तर 2007 ची ही मॅच फार मागे पडते. 25 ऑगस्ट 1922 ला शिकागो कब्सने फिलाडेल्फिया फिलीजना 26-23 ने हरवलं, एकूण 49 रन! त्यातही गंमत अशी, की चार इनिंगनंतर शिकागो 25-6 ने पुढे होतं आणि शेवटी जेमतेम तीन रनांनी सुटलं.

पहिल्या इनिंगपासून कत्तल, हे तर स्कोअरकार्ड न उघडताच ठोकून दिलंय. तीन इनिंग संपल्या तेव्हा बाल्टिमोर 3-0 ने पुढे होतं. टेक्सासने नऊपैकी फक्त चार इनिंगमध्ये रन काढले: चौथीत 5, सहावीत 9, आठवीत 10, नववीत 6. बाकीच्या पाच कोरड्या. बाल्टिमोरच्या चार पिचर्सच्या नावावर अनुक्रमे 6, 8, 7 आणि 9 रन लागले. त्यातल्या ब्रायन बरेसने जेमतेम दोन बॅटर बाद केले, तेवढ्यात त्याच्या खात्यात आठ रन!

आता ते दादा बॅटर. टेक्सासच्या सॉल्टलमॅकिया आणि रामोन वास्केझ यांनी प्रत्येकी दोन होमरन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) मारले आणि आपल्या फटक्यांवर सात-सात रन मिळवून दिले. दोघं होते आठव्या आणि नवव्या नंबरवर, आपल्याकडे ज्याला शेपूट म्हणतात तिथे. फक्त बेसबॉलमध्ये नववा झाला की पुन्हा पहिला येतो, त्यामुळे अशा दिवशी शेपटालाही भरपूर बॅटिंग मिळते.

राहिला 'सेव्ह', म्हणजे पिचरला मिळणारं मॅच वाचवल्याचं ते श्रेय, आणि सगळ्यात जास्त टिंगल याचीच होते. तो मिळाला टेक्सासच्या वेस लिटलटनला. सेव्हचे मार्ग एकाहून अधिक आहेत. थोड्या आघाडीवर येऊन मॅच संपवणं हा सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा असा: विजयी पिचर (ज्याच्या नावावर विजय लागतो तो) तुम्ही नसाल, शेवटपर्यंत टिकलात आणि किमान तीन इनिंग नीट टाकल्यात, तर आघाडी कितीही असो. टेक्सासकडून आधी केसन गॅबर्डने सहा इनिंग टाकल्या, विजय त्याच्या नावावर गेला. सातवी, आठवी, नववी लिटलटनने टाकली, एकही रन न देता. तो आला तेव्हा स्कोअर 14-3 होता. म्हणजे 27 ची नव्हे, 11 ची आघाडी. उरलेले 16 रन टेक्सासने नंतर काढले, त्याचा बिचाऱ्याशी काय संबंध? शिवाय त्या दिवशी लागोपाठ दोन मॅच होत्या. एकट्याने तीन इनिंग ओढल्या, म्हणून बाकीचे पिचर दुसरीसाठी ताजे राहिले. हा नियम मलाही जरा सढळ वाटतो. पण मग भांडण नियमाशी घाला. स्कोअररने तो जसा आहे तसा लावला.

'त्या वर्षीचं टेक्सास म्हणजे वादळ होतं' अशीही शेपटी काही जण जोडतात. दुसरी मॅच टेक्सासने जिंकली खरी, पण 9-7 अशी. आणि सीझन संपला तेव्हा 75 विजय, 87 पराभव. चार टीमच्या गटात चौथा नंबर.