पाणी घशात उतरलं, तरी सूज का येते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अश्रुमार्गाच्या, म्हणजे डोळ्यातले अश्रू नाकात नेणाऱ्या वाटेच्या, भिंतीला बाजूला येणाऱ्या पिशवीसारख्या फुग्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. आईच्या डोळ्यात सिरिंजनं सोडलेलं पाणी सरळ घशात उतरलं, डॉक्टरांनी 'मार्ग मोकळा आहे' म्हणून सांगितलं, आणि मी मात्र 'तेवढ्यावर विसंबू नका' असं लिहून लोकांना स्कॅनच्या रांगेत उभं करतोय, हा पहिला. मी प्रत्येक फुग्याला डीसीआर या ऑपरेशनचं लेबल लावलं, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. डीसीआर म्हणजे अश्रुपिशवी आणि नाक यांच्या मधल्या हाडात खिडकी पाडून अश्रूंना नवा रस्ता देणं. इटालियन डॉक्टर टोटी यांनी १९०४ मध्ये सांगितलेलं हे ऑपरेशन आजही उत्तम आहे, पण ते पिशवीतून नाकात उतरणारी खालची नळी तुंबलेली असेल त्यांच्यासाठी. नळी वाहती असेल आणि पिशवीच्या भिंतीला नुसता फुगा आला असेल, तर तेवढा फुगा त्याच्या मानेपाशी, म्हणजे तो भिंतीतून निघतो त्या तोंडापाशी, कापून भिंत शिवून टाकता येते. चालू रस्ता असताना नवा पाडायचं कारण नाही. लेखात हा फरक मी एका वाक्यात गुंडाळला होता. दुरुस्त करतो.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी ठाम आहे. सिरिंजिंग एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: पाणी पलीकडे पोचतं का? रस्त्याच्या कडेला खड्डा आहे का, हे ते विचारतच नाही. अश्रुपिशवी जेमतेम १२ ते १५ मिलिमीटर उंचीची. फुगा येतो तो बहुधा तिच्या खालच्या, बाहेरच्या भिंतीतून. कधी जन्मजात असतो, कधी मार लागल्यावर किंवा लासरू (अश्रुपिशवीत पू होणं) होऊन गेल्यावर येतो. मुख्य धार त्याच्या शेजारून निघून जाते, म्हणून पेशंट म्हणतो 'खारट लागलं घशात' आणि आपण निर्धास्त होतो.

म्हणून मी सिरिंजिंग करताना डाव्या हाताचं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली हलकं ठेवतो. कधीकधी पेशंट आवंढा गिळत असतो आणि त्याच क्षणी बोटाखाली काहीतरी टम्म होतं. पाणी उतरलंय आणि सूजही वाढलीय. अशा माणसाला मी स्कॅन सांगतो: अश्रुमार्गात डाय (स्कॅनवर उठून दिसणारा द्रव) सोडून सीटी. फुगा कुठून निघालाय, त्याची मान किती रुंद आहे, नळी उघडी आहे का, हे ऑपरेशनआधी कळायला हवं. मान चिकटून बंद झाली असेल तर डाय आत शिरतच नाही. मग एमआरआयमध्ये पाण्याची गाठ म्हणून तो दिसतो. पण नुसतं डोळ्यांतून पाणी येतं म्हणून कुणी स्कॅन मागू नये, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

लेखात राहून गेलेली एक गोष्ट. फुगा पापणीतल्या बारीक नलिकेलाही येऊ शकतो. तिथे ॲक्टिनोमायसिस नावाचे जंतू ठाण मांडून पिवळट खडे तयार करतात. अशी माणसं 'डोळे आलेत' म्हणून महिनोनमहिने थेंब बदलत फिरतात. पापणीचं टोक जरा सुजलेलं, तिथलं अश्रू आत जाण्याचं छिद्र ओठ काढल्यासारखं वर आलेलं, आणि दाबलं की वाळूसारखे कण बाहेर. ते खडे खरवडून काढल्याशिवाय कुठलाही थेंब पुरा पडत नाही.

आता तुमच्या आईबद्दल. सूज येते-जाते असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे मला फुग्याची शंका येते. पण न बघता निदान करणार नाही. सूज डोळ्याच्या कोपऱ्याच्या रेषेखाली आहे की वर, ते नीट बघा. वर असेल, टणक असेल किंवा अश्रूंत रक्त दिसलं, तर थांबू नका. तिथे गाठ वेगळीच, अगदी ट्यूमरचीही असू शकते. लाल होऊन ठणकत असेल तर आधी अँटिबायोटिकनं ती शांत करायची, त्या दिवसांत सिरिंजिंग करून घ्यायचं नाही. आणि सूज असेल त्या दिवशी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. तपासणीच्या दिवशी ती नेमकी ओसरलेली असते.